पुतण्याची लिंक

पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून माझी तीस वर्षे होत आली. तुमच्या बांधावर येऊन चहा प्यायल्याशिवाय माझे काम कधी झाले नाही. पण २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि खरिपाच्या तोंडावर सोयाबीनची उगवणशक्ती कशी तपासावी, ओल्या गोणपाटावर शंभर दाणे कसे ठेवावेत, हे सारे मोबाइलवरच्या बैठकीतून सांगण्याची पाळी आली.

तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, बैठकीचं ॲप लागणारच आहे, तर माझी लिंक पाठवा ना गटात."

मी पाठवली. दोनशे शेतकऱ्यांच्या गटात, माझ्या नावाने.

ही लिंक म्हणजे काय, ते मला नंतर कळले. तिच्यात पाठवणाऱ्याची खूण असते. तुम्ही तिच्यावर बोट ठेवले की ती खूण तुमच्या मोबाइलमध्ये ठरावीक दिवस राहते. त्या मुदतीत तुम्ही पैसे भरलेत, तर कंपनी पाठवणाऱ्याला कमिशन देते. पैसे परत मागितलेत, तर बहुधा तेही कापून घेते. यात बेकायदा काही नाही. (मात्र असे काम देण्यासाठी कोणी आधी पैसे मागितले, तर त्याला दारातूनच वाटेला लावा.)

चारेक महिन्यांनी एका बचत गटाच्या अध्यक्षाताई भेटल्या. त्यांनी गटाच्या पैशातून वर्षाची वर्गणी भरली होती. बारा बायका, महिन्याची एक बैठक, तीही अर्ध्या तासाची. आणि त्या ॲपवर चाळीस मिनिटांची बैठक फुकटच होत होती! मी विचारले, "घेतलंत कशाला?" त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पाठवलं म्हणून."

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. बाजार समितीच्या पट्टीवर आडत, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहिलेली असते. फळे-भाजीपाल्याची आडत २०१६ साली खरेदीदारावर गेली. ती कागदावर दिसत होती, म्हणूनच तिच्यासाठी भांडता आले. माझ्या लिंकवरची आडत कोणाला दिसणार? नातलगाच्या फायद्यासाठी शिफारस करणे आमच्या वर्तणूक नियमांत बसत नाही, ते वेगळेच.

पुतण्याकडून कमिशन घेतले, उरलेली रक्कम पदरची घातली आणि ताईंच्या हाती दिली. त्या घेईनात. "गटाचे आहेत," म्हटल्यावर घेतले आणि माझ्यासमोर वहीत लिहिले.

पुतण्या तो धंदा अजून करतो. जाहिरात असेल तर तसे साध्या भाषेत सांगावे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. आता तो लिंकच्या वरच लिहितो, "यावरून घेतलेत तर मला कमिशन मिळते." त्याने गिऱ्हाईक घटते, अशी त्याची कुरकुर असते. असेलही. ती लिंक माझ्या गटात मात्र येत नाही.