रत्नागिरी टाकून पुढे

चार वर्षांत एकदा स्वग्रामी, एकदा भारतात कोठेही, असा आम्हां सरकारी नोकरांच्या प्रवास-सवलतीचा नियम. आजवर ती ‘कोठेही’ची खेपसुद्धा आम्ही रत्नागिरीलाच खर्चिली. दिल्लीत बिऱ्हाड करून नऊ वर्षे झाली, परंतु दोघांनीच कोठे जाण्याचा योग आला नव्हता.

यंदाच्या मे महिन्यात मात्र आम्ही उभयतांनी होन्नावरची तिकिटे काढली. आईंना फोनवर तसे कळविले. “या जाऊन,” एवढेच त्या म्हणाल्या. गाडी रत्नागिरीस थांबली, तेव्हा ती पुन्हा हलेपर्यंत आम्ही खिडकीबाहेर पाहिले नाही.

होन्नावरला घाम दिल्लीहून अधिक. पण खाडीवरचा वारा असा, की पंख्याची आठवण होऊ नये. दुसऱ्या दिवशी घाट चढून जोगला गेलो. शाळेच्या भूगोलातला हाच तो गिरसप्पाचा धबधबा! उंची २५३ मीटर; परंतु उन्हाळ्यात राजा, राणी, रोअरर, रॉकेट या चारी धारांची काळ्या कड्यावर जेमतेम ओल. १९६४ साली वर लिंगनमक्कीचे धरण झाले; शरावती विजेच्या कामी लागली आहे.

“अहो, हिचेही पाणी नोकरीलाच गेले म्हणायचे!” सौ. म्हणाली.

आम्ही हसलो खरे. संध्याकाळी होन्नावरच्या पुलाजवळ बसलो, तेव्हा जनित्रे फिरवून सुटलेले तेच पाणी संथपणे समुद्राकडे चालले होते. अंधार पडेस्तोवर दोघांपैकी कोणीच उठण्याची गोष्ट काढली नाही.