लेदर की चामडं?

'लेदर' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? महागडं जॅकेट, कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी रूममेटकडून उसना आणलेला बेल्ट, नाहीतर एखाद्या आलिशान गाडीच्या जाहिरातीतली सीट. आणि 'चामडं' म्हटलं की? नाक आपोआप मुरडतं! वस्तू एकच, शब्द दोन. मी पडले कॉन्व्हेंटची. त्यामुळे पहिला शब्द स्पेलिंगसकट पाठ, दुसरा उच्चारायची कधी वेळच आली नव्हती. ती वेळ आणली आमच्या आजोबांच्या फियाटने.

आमचं गाव वडूज. खटाव तालुक्याचं मुख्य ठिकाण, येरळा नदीच्या काठावर. नदी म्हणायचं इतकंच, वर्षातले बरेच महिने तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. आजोबा डॉक्टर. त्यांनी १९६९ साली फियाट अकराशे घेतली. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, स्टिअरिंगलाच गिअर असलेली. हीच गाडी पुढे 'पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. १९७२ च्या दुष्काळात आजोबा याच गाडीतून खेडोपाडी व्हिजिटला जायचे, हे आज्जी अजून सांगते.

कंपनीने दिलेल्या सीट रेक्झिनच्या होत्या. पुढची सीट १९८१ साली पार फाटली, तेव्हा आजोबांनी कोल्हापूरहून कमावलेलं चामडं आणवलं आणि गावातल्याच चर्मकार कारागिराकडून अंगणात बसून ती शिवून घेतली. डॅशबोर्डचा पत्रा उन्हात तापून हाताला चटका बसायचा, म्हणून गावच्या सुताराकडून त्यावर सागाची फळी बसवून घेतली. दारांच्या आतल्या कडांनाही सागाच्या पट्ट्या लावल्या. म्हणजे गाडी कुर्ल्याची, पण तिचं अंतरंग वडूजचं!

आजोबा जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. गेल्या दिवाळीत पप्पांनी निर्वाणीचं सांगितलं, "मे महिन्यापर्यंत बघ काय जमतंय ते. नाहीतर भंगारवाल्याला फोन करतो." पप्पांचंही बरोबर होतं. पंधरा वर्षांवरच्या खाजगी कारच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२२ पासून पाच हजारांवर गेलं, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते दहा हजार झालं. इंजिनचं काम आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी अंगावर घेतलं. प्रश्न राहिला आतल्या चामड्याचा आणि लाकडाचा. शहरातल्या एका कार डेकोरवाल्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर एका ओळीत आलं, "सगळं फाडून टाका, नवीन लेदरेट मारू, लाकडावर स्टिकर चिकटवू." खर्चाचा आकडा बघून पप्पांनी भंगारवाल्याचा नंबर शोधायला घेतला.

मग मी वाचायला बसले. जुन्या गाड्यांच्या चामड्यावर आणि लाकडावर इंग्रजीत भरपूर लिहिलेलं आहे, पण ते बहुतेक थंड देशातल्या बंद गॅरेजमधल्या गाड्यांबद्दल. तिथे अक्रोडाचं लाकूड, आपल्याकडे साग. तिथे ओल, आपल्याकडे एप्रिलचं ऊन आणि माणदेशाकडून येणारी धूळ. बाटल्यांवर लिहिलेलं असतं की चामड्याला 'पोषण' द्या. अहो, ते मेलेलं कातडं आहे, त्याला कसली आलीय भूक? त्याच्यात असतात कोलॅजेनचे तंतू. मधलं तेल उडून गेलं की ते एकमेकांना चिकटतात, आणि वाकवलं की तुटतात. तेलाचं काम एवढंच, की तंतू एकमेकांवरून सरकत राहावेत. आपल्या भाषेत सांगायचं तर लुब्रिकेशन!

आज्जी म्हणाली, "एवढं इंग्रजी वाचतेस, त्यापेक्षा ज्यांनी शिवली त्यांच्या पोराला विचार की." ते पोरगं म्हणजे आता साठी ओलांडलेले मामा. एस.टी. स्टँडजवळ त्यांचं छोटं दुकान आहे. पूर्वी वहाणा करायचे, आता दप्तरांच्या चेन आणि बुटांचे तळ. मामा आले, त्यांनी सीटचं कातडं चिमटीत धरलं, कड उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "मागची सीट रेक्झिन हाय. पुढची आपली."

हा पहिला धडा. साफ करण्याआधी वस्तू काय आहे ते ओळखा. उलट बाजूला कापडाची वीण दिसली तर रेक्झिन, लव असलेले तंतू दिसले तर चामडं. रेक्झिनवरच्या थराला मऊ ठेवणारं द्रव्य काळाने निघून जातं आणि तो तडकतो. वरून कितीही तेल चोळा, ते परत येत नाही, उलट चिकट होऊन धूळ धरतं. त्याला सौम्य साबणाचं ओलं फडकं आणि सावली, बस्स.

दुसरा धडा कमावण्याचा. आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. मामांनी सीटचा वास घेतला आणि म्हणाले, "ह्ये हिरडा-बाभळीचं हाय." म्हणजे झाडाच्या सालीतल्या आणि फळातल्या टॅनिनने कमावलेलं. कोल्हापुरी चपलेचं असतं तेच. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सोलापूरबरोबर आपला सातारा जिल्हाही आहे, हे किती जणांना माहीत आहे? अशा चामड्यावर वरून रंगाचा थर नसेल तर पाण्याचा थेंब पटकन आत जातो आणि डाग पडतो. आम्ही सीटच्या खालच्या कोपऱ्यात थेंब टाकून पाहिला. पाच सेकंदांत गायब! म्हणजे धुणं बंद, फक्त पुसणं.

आधी मऊ ब्रशने शिवणीतली धूळ काढली. ही धूळ म्हणजे बारीक वाळू, बसता-उठता ती टाक्यांचा दोरा कापते. मग अगदी घट्ट पिळलेल्या फडक्याने, हाताच्या साबणाचा नुसता स्पर्श देऊन, एका वेळी वीतभर भाग पुसला. कपड्यांची पावडर चालत नाही. चामडं मुळात आम्लधर्मी, त्याचा पीएच चारच्या आसपास. पावडरीचं पाणी जातं नऊ-दहाच्या पुढे. त्याने कमावणूकच हळूहळू सुटते. नंतर दोन दिवस सावलीत वाळवलं.

मग तेल. मामांनी आणायला सांगितलं एरंडेल. "तेल पाजू नगंस पोरी, नुसतं दाव," म्हणाले. त्यांचे आजोबा मोटा शिवायचे. मोट म्हणजे विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची चामड्याची भलीमोठी पखाल. रोज पाण्यात भिजणार, रोज उन्हात तापणार, तरी टिकायला हवी. तिच्या तेलपाण्याचं ज्ञान या घरात तीन पिढ्यांचं! आख्ख्या सीटला अर्धी वाटीसुद्धा तेल लागलं नाही. कोमट करून फडक्याने चोळलं, रात्रभर ठेवलं, सकाळी कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून घेतलं. तेल जास्त झालं तर कातडं ढिलं पडतं आणि दोरा कुजतो. आधीच पडलेली चीर मात्र तेलाने भरत नाही. तिथे मामांनी आतला काथ्या सारखा केला, मागून पातळ ठिगळ चिकटवलं आणि आरीने जुन्याच भोकांतून टाके घेतले. नवीन भोकं पाडली की चामडं तिथेच फाटतं, तिकिटावरच्या छिद्रांसारखं. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकलो. मामा शाळेत चौथीपर्यंत गेलेत.

लाकडाला तात्या आले, त्याच सुतारांचे चिरंजीव. मी पॉलिश पेपर काढून ठेवला होता. तात्यांनी तो उचलून खिशात घातला. "जेवढं घासून काढशील तेवढं परत येत नाही." कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन त्यांनी कोपऱ्यात टेकवलं. पॉलिश चिकट झालं, म्हणजे ते चपडीचं. चपडी म्हणजे लाखेपासून केलेली, स्पिरिटमध्ये विरघळणारी. तिचा फायदा असा, की जुना थर खरवडावा लागत नाही. वरून नवीन पातळ हात दिला की तो जुन्यात मिसळून एकजीव होतो. पांढरे पडलेले डाग तात्यांनी तसेच घालवले. चकचकीत सिलिकॉनच्या स्प्रेला त्यांनी हात लावू दिला नाही. तो लाकडात मुरला की पुढे कुठलंच पॉलिश नीट धरत नाही. मेणही डॅशबोर्डला नाही, फक्त दारांना. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड आपल्या उन्हात सहज तिथपर्यंत जातो.

दारांच्या पट्ट्यांची मागची बाजू कोरडी होती. तिला जवसाचं तेल लावलं. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं, म्हणून ते लाकडाला चांगलं आणि त्याच कारणाने चामड्याला वाईट. एक महत्त्वाचं, हे घट्ट होताना उष्णता निघते. तेलकट फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो! तात्यांनी फडकी अंगणात पसरून वाळवायला लावली.

फळी काढताना एक गंमत दिसली. स्क्रूची भोकं गोल नव्हती, लांबट होती. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, तेही मुख्यतः आडव्या अंगाने. घट्ट जखडलं तर चिरतं. म्हणून तात्यांच्या वडिलांनी त्याला हलायला जागा ठेवली होती. चाळीसहून जास्त वर्षं झाली, फळीला एक चीर नाही!

मे महिन्यात गाडी सुरू झाली. आज्जीला औंधला यमाईच्या दर्शनाला जायचं होतं. पप्पा चालवणार होते. मी मामांना म्हटलं, "तुम्ही पुढे बसा." मामा जागचे हलेनात. म्हणाले, "माझ्या बापानं शिवली ही गादी. म्या लहान हुतो, दोरा वढत हुतो. पर बसला न्हाई तो कदी हिच्यावर. कुणी बस म्हणालं न्हाई."

कोणीच काही बोललं नाही. आमचे आजोबा चांगले होते, दुष्काळात त्यांनी कितीतरी जणांना फुकट औषधं दिली, हे मी लहानपणापासून ऐकत आले. हेही त्याच घरात, त्याच अंगणात घडलेलं आहे. दोन्ही खरं आहे. शेवटी आज्जीच म्हणाली, "मीही तेव्हा इथेच होते. आता बसा. उशीर होतोय." आणि ती स्वतः मागच्या रेक्झिनच्या सीटवर जाऊन बसली. मामा पुढे बसले. औंध येईपर्यंत त्यांचा हात सीटच्या शिवणीवरून फिरत होता.

औंधला दर्शनानंतर आम्ही श्री भवानी संग्रहालय पाहिलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं. चंदनावरचं बारीक कोरीव काम तिथे काचेआड आहे, ऊन आणि धूळ लागू न देता ठेवलेलं. कोल्हापूरला दसऱ्याला राजाराम महाराजांची १९३६ ची भगवी मेबॅक बाहेर येते, तेव्हा बघायला तोबा गर्दी होते. राजाच्या वस्तू जपायला माणसं असतात, असायलाच हवीत. पण गावच्या डॉक्टरची फियाट, सुताराची फळी, चर्मकाराचा टाका यांना कोण जपणार? मामांचे दोन्ही मुलगे एम.आय.डी.सी.त आहेत. रापी आणि आरी धरणारा पुढचा हात त्या घरात नाही. मी त्यांचं सगळं एका वहीत मराठीत लिहून काढलंय. 'कमावणे' या शब्दाचा पैशाशिवाय दुसरा अर्थ असतो, हेही त्या वहीत आहे.

पप्पांनी नूतनीकरणाचे पैसे भरले. गाडी पन्नास वर्षांवरची असल्याने २०२१ च्या नियमांखाली 'व्हिंटेज' म्हणूनही नोंदवता येईल, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. आज्जीला ती बाजारालाही न्यायची आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपला!

असो. तुमच्याकडे जुनी गाडी नसेल, पण हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत एखादा तरी चामड्याचा बूट असतोच. पावसात भिजला तर इस्त्रीने किंवा हीटरपुढे वाळवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, पंख्याखाली ठेवा, वाळला की दोन थेंब एरंडेल. आणि टाके उसवले तर जवळच्या चर्मकार मामांकडे जा. काम होईपर्यंत मोबाईल बाजूला ठेवून त्यांच्या हाताकडे बघा, काय करताय ते विचारा. चहा मागवलात तर दोन मागवा.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी