चौतीस दिवसांची टीम

पुणे स्ट्रायकर्स हे नाव आज कुणाला सांगितलं तर क्रिकेटची टीम समजतात. ती हॉकीची होती. 2012 ला वर्ल्ड सिरीज हॉकी नावाची स्पर्धा भरली. आठ टीमा, खेळाडू पगारी. 29 फेब्रुवारीला सुरू, 2 एप्रिलला खलास. चौतीस दिवस. एवढ्यात मेथीची जुडी निघते, कांदा निघत नाही.

आमचं भिंगार छावणीचं. लष्कराचे जवान हॉकी खेळायचे, पोरं कडंला उभी राहून शिकायची. धनराज पिल्ले खडकीचा, म्हंजी तोबी छावणीतलाच. त्यामुळं पोरांना तो घरचा वाटायचा.

पुतण्या तवा बारावीला होता. चार दोस्त घेऊन यष्टीनं पिंपरीला मॅच बघाय गेला. येताना टीमची टोपी आणि तिकिटाचं अर्धुक घेऊन आला. म्हणाला, "आण्णा, आता हॉकीतबी पैसा आलाय." त्याच्या तोंडावर असा उजेड मी दहावीच्या निकालालाबी बघितला नव्हता.

टीम फायनलला गेली. मुंबईत शेर-ए-पंजाबनं 5-2 नं हरवलं. पोरं म्हणाली, पुढच्या साली बघू. पुढचं साल आलंच नाही. हॉकीच्या दोन संघटनांचं भांडण. जागतिक संघटनेनं या स्पर्धेला मान्यता दिली नव्हती. दुसरा हंगाम झालाच नाही, टीमचं नावबी ऱ्हायलं नाही.

तिकडं अमेरिका-कॅनडात बर्फावरच्या हॉकीची वर्ल्ड हॉकी असोसिएशन 1972 ते 1979 चालली आणि बंद पडली. तिच्यातल्या बुडालेल्या टीमांचे शर्ट शौकीन लोक अजून पैसे मोजून घेतात. आपल्याकडं असल्या टोपीला भंगारवालाबी हात लावणार नाही.

पुतण्या आता सुप्याला कंपनीत तीन पाळ्यांत काम करतो. टोपी खुंटीला आहे, बैलांच्या घुंगरमाळंशेजारी. बैल विकून बारा वर्षं झाली, तरी माळ कुणी काढत नाही. ती बैलांसाठी नाही, आपण बैलांमागं चाललो होतो त्यासाठी आहे. टोपीचंबी तसंच. टीम कंपनीवाल्यांची होती, ती गेली. त्या पोराची आशा मात्र आमच्या घरातली होती.

दिवाळीच्या साफसफाईला त्याची आई दरसाल टोपी हातात धरून विचारती, "हिचं काय करू?" पुतण्या काही बोलत नाही. मग ती धूळ झटकती आणि पुन्हा अडकवून ठेवती.