ज्याची त्याची कैफियत

राजघराण्यांतील वैराची कथा एकाच्या तोंडून ऐकावी, कीं अनेकांच्या? शिवाजी सावंत यांच्या १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मृत्युंजय’ कादंबरीनें हा प्रश्न आपल्या घराघरांत आणला. तिचीं प्रकरणें नऊ. त्यांपैकीं चार स्वतः कर्णाच्या मुखीं, आणि कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व श्रीकृष्ण यांच्या मुखीं एकेक. ह्या रचनेस कारणहि आहे. कर्णाचा मृत्यु कर्णानेंच कसा सांगावा? म्हणून शेवटचें निवेदन श्रीकृष्णाकडे जातें. वि. स. खांडेकरांनीं १९५९ च्या ‘ययाति’ कादंबरींत हीच युक्ति योजिली होती. तेथें ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कैफियत मांडतात.

दुर्योधनाला ‘मी’ म्हणूं दिलें कीं अधर्मालाहि वकील मिळतो, असा आक्षेप आमच्या पिढीचे कांहीं वृद्ध घेतात. आम्हांस तो पटत नाहीं. कारण व्यासांनीं तरी काय केलें? भारत श्रवण करतो जनमेजय, म्हणजे अर्जुनाचा पणतू, जेत्यांचा वंशज. परंतु प्रत्यक्ष युद्ध सांगतो संजय, आणि ऐकतो अंध धृतराष्ट्र. भीष्म पडले, द्रोण पडले, कर्ण पडला, ह्या वार्ता जेत्यांच्या जयघोषांत नव्हे, तर पराभूत पित्याच्या आक्रोशांत आपल्या कानीं येतात. तरीहि दुर्योधनाचा अधर्म तेथें तसूभर उणा होत नाहीं. हें तुझ्याच दोषाचें फळ, असें संजय राजाला तोंडावर सांगतो. ऐकून घेणें म्हणजे निर्दोष ठरविणें नव्हे.

‘मृत्युंजया’ची एक उणीव मात्र आम्हांस जाणवते. जिची भरसभेंत विटंबना झाली, त्या द्रौपदीस तींत स्वतंत्र प्रकरण नाहीं. आणि महाभारतांत त्या सभेंत तिला कठोर शब्द बोलणारांत कर्णच पुढें होता!

कुरुकुळाचा कलह मुळांत वांटणीचाच. आमच्या दिग्रसास काय किंवा पुण्यामुंबईस काय, शेताच्या बांधावरून वा माजघरांतील एका शब्दावरून भाऊ अबोला धरितात, तेव्हां प्रत्येकजण स्वतःस धर्मराज समजतो. वडिलांकडे वार्ता पोंचविणारा संजय बहुधा एकच असतो, आणि तो व्यासांच्या संजयाइतका सत्यवादी असतोच असें नाहीं. म्हणून कर्त्या पुरुषानें निवाड्यापूर्वीं धाकट्या सुनेचेंहि एक प्रकरण ऐकावें. आणि ऐकल्यावर निवाडा द्यावाच. विदुराचें रात्रभर ऐकून पुन्हां पुत्राच्याच मागें जाणाऱ्या धृतराष्ट्राची गत करून घेऊं नये.