सहा चौक आणि एक सही

शनिवार पेठेतला आमचा वाडा यंदा पडणार. बिल्डरच्या कागदावर काकांची सही झाली, आत्याची झाली, राहिली माझी. "तुझं घोडं कुठे अडलंय?" आई रोज विचारते. धड उत्तर नव्हतं. मग शनिवारी सकाळी बाइक काढली आणि सरळ मेणवली गाठली.

पुण्यात वाड्यांची नावं ढीगभर, अख्खा वाडा मिळणं मुश्कील. शनिवारवाडा १८२८च्या आगीत गेला, उरली तटबंदी आणि जोती. विश्रामबागवाड्याचाही मोठा भाग १८७९मध्ये जळला. पेशवाईतला वाडा दारापासून नदीपर्यंत बघायचा, तर खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला वळायचं. वाईच्या पुढे तीनेक किलोमीटर.

हा वाडा नाना फडणवीसांचा. १७६८मध्ये त्यांना हे गाव इनाम मिळालं, मग वाडा, घाट, देवळं उभी राहिली. पानिपतातून जेमतेम जीव वाचवून आलेला माणूस! वाडाही तसाच सावध वाटतो. बाहेरून जाडजूड, गप्प भिंती. आत मात्र चौकामागून चौक, एकूण सहा. मोबाइलमध्ये बघत चालाल तर चौकटीवर टेंगूळ ठरलेलं. सागवानी खांब, कोनाडे, भिंतींवर जुनी चित्रं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत एसी नसताना गार. वरून उजेड आणि हवा, मधे माणसं, सगळी कामगिरी चौकाची. हिंजवडीत आम्ही भर दुपारी पडदे ओढून ट्यूबलाइट लावतो, ते आठवलं.

मागच्या बाजूला कृष्णेचा घाट. 'स्वदेस' (२००४) पाहिला असेल तर लगेच ओळखाल. पण शाहरुख बाजूला ठेवा आणि मेणेश्वराच्या देवळाजवळची घंटा बघा. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी देवळांत आल्या. भीमाशंकरलाही तशीच एक आहे. मेणवलीच्या घंटेवर चक्क बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. इतक्या वर्षांत ती खरवडून काढावी असं कुणाला वाटलं नाही, हे मला फार आवडलं.

पायऱ्यांवर बसून हिशेब केला. हा वाडा टिकला, कारण नानांचे वंशज अजून त्याची निगा राखतात. आमच्याकडे चौक एक, वारसदार चौदा आणि पावसाळ्याआधी कौलं शाकारायला कुणीच नाही. आत्या गुडघे धरून जिना चढते. तिला लिफ्ट हवी आहे, आणि त्यात तिचं काय चुकलं?

रात्री घरी येऊन सही केली. अट एकच घातली: दिंडी दरवाजा मला द्यायचा. माझा फ्लॅट वन बीएचके आहे, तेव्हा तो कुठे ठेवणार हे प्लीज विचारू नका.