न्हाणीचा झरोका

अकबर मोहल्ल्यातल्या आमच्या जुन्या घराला दोनच बाजूंनी हवा होती. डावीउजवीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. त्यामुळे खिडक्या काय त्या पुढे रस्त्यावर आणि मागे परसात. मधल्या खोलीत उजेड यायचा तो छपरातल्या काचेच्या कौलातून. न्हाणी परसाच्या कोपऱ्यात होती आणि तिच्या भिंतीत, छताच्या जरा खाली, हातभर लांब नि वीतभर उंच असा एक झरोका होता. त्याला ना दार, ना काच. डिसेंबरात त्यातून असा वारा यायचा की पहिला तांब्या अंगावर घेताना अल्ला आठवायचा. आम्ही भावंडांनी तक्रार करावी आणि दादीने ती झटकून टाकावी, हे दर थंडीत ठरलेलं. "धुआँ कां से जाएगा रे?" एवढंच ती म्हणायची.

धूर बंबाचा. तांब्याचा बंब, मधून उभी नळी, खाली जाळी. फजरच्या आधी दादी उठायची, करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्या नळीत टाकायची आणि वजूचं पाणी कोमट व्हायला ठेवायची. राख भांड्यांना जायची. धुराने डोळे चुरचुरत, भिंत काळी होई, धुतलेल्या कपड्यांना वास लागे. पण त्या धुराचा एक गुण आम्हाला फार उशिरा कळला. तो दिसत होता. न्हाणीत धूर कोंडला की माणूस खोकत, शिव्या देत बाहेर यायचा.

दादी गेली. 1998 मध्ये आम्ही कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलं. त्या काळी मोहल्ल्यात जो तो स्लॅब टाकत होता आणि कौलं म्हणजे गरिबी असं आम्हालाही वाटत होतं. पहिल्याच एप्रिलने डोळे उघडले. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जायची. स्लॅब मात्र दिवसभराचं ऊन पोटात ठेवतो आणि रात्री आपल्या अंगावर सोडतो. मग पंखा लावा, तो तीच गरम हवा फिरवत राहतो. उपाय दोन सापडले, दोन्ही स्वस्त. एक, उन्हाळ्याआधी गच्चीला चुन्याचे दोन हात द्यायचे. पांढऱ्या रंगावरून ऊन बरंचसं परततं. दुसरा, दुपारी खिडक्या बंद आणि संध्याकाळी सगळ्या उघड्या. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे उन्हाळ्यातही दिवस मावळला की पश्चिमेचा वारा सुटतो. तो फुकटचा वारा बाहेर ठेवून लोक कूलर लावतात, आणि तोही खिडक्या बंद करून! कूलर हवेत ओल सोडतो. त्या ओलीला जायला वाट नसेल तर तासाभरात खोलीचं हमामखाना होतो.

बंब मोडीत गेला. नव्या बाथरूमची लांबीरुंदी पाच बाय चार फूट. त्यात गॅसचा गिझर बसला. बसवणाऱ्याने तो आतच बसवला, कारण बाहेर बसवायचा तर आठ-दहा फूट पाइप जास्त लागला असता. आम्हीही हो म्हणालो. झरोक्याच्या जागी आता काचपट्ट्यांची खिडकी होती. तिच्यातूनही वारा यायचाच. 2007 च्या थंडीत आम्ही तिच्यावर प्लायवूडचा तुकडा ठोकला. तो खिळा आमच्याच हाताने मारला, म्हणून दोष दुसऱ्या कुणाला देत नाही.

त्या वर्षी बकरी ईद 21 डिसेंबरला, शुक्रवारी आली. थोरली आपा मुलांना घेऊन आली होती. ईदची सकाळ म्हणजे घरात गुसलची रांग. एक बाहेर, दुसरा आत. गिझर बंद करायलाही उसंत नाही. मधला भाऊ नाहून आला तो कपाळ दाबत. डोकं जड झालंय म्हणाला. पहाटे उठल्यामुळे असेल, अब्बा म्हणाले. आम्ही अत्तर लावलं, दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर नमाजला गेलो.

मागे बायकांच्या आंघोळी सुरू झाल्या. शेवटची गेली आपाची मुलगी, सतरा वर्षांची. पाणी पडल्याचा आवाज येत होता, पण बालदीचा, तांब्याचा आवाज येईना. हे ध्यानात आलं ते अम्मीच्या. तिने हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग कुणाला काही न विचारता स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला आणि कडीच्या जागी दारावर घातला. तिसऱ्या घावाला दार उघडलं. पोरगी भिंतीला टेकून बसल्यासारखी पडली होती आणि गिझर निळ्या ज्योतीने शांतपणे जळत होता. अम्मीने आधी तिला ओढून परसात उघड्यावर आणलं, अंगावर चादर टाकली, मग गॅस बंद करायला सांगितला. आम्ही गळाभेटी घेत घरी पोहोचलो तेव्हा दार चौकटीतून लोंबकळत होतं आणि रिक्षा दवाखान्याकडे निघाली होती.

ती वाचली. काही तास ऑक्सिजन दिला. पुढे दोनतीन आठवडे डोकं दुखत राहिलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. गॅस जळायला हवा लागते. बंद खोलीत हवेतला प्राणवायू कमी होत जातो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. जळून झालेल्या हवेला तो राहत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त ओढीने धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग पायांतलं बळ जातं. कडी दोन फुटांवर दिसत असते, पण हात उचलत नाही.

अम्मीला हे कुठून कळलं? तिला वायूचं नाव ठाऊक नव्हतं. तिच्या माहेरी बाळंतिणीच्या खोलीत एकदा असं झालं होतं. शेगडी आत, दारंखिडक्या बंद, खाटेवर आई नि मूल. त्या बाईला लोकांनी "बाहेरचं" झालं म्हणून झाडफूक केली. दादीने मात्र आमच्या घरातल्या प्रत्येक बाळंतपणात खिडकीचं एक दार सुतळीने बांधून उघडं ठेवलं होतं. शेगडीतल्या निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून लोक फसतात.

तेव्हापासून आम्ही जिथे पाहुणे म्हणून जाऊ तिथे आधी बाथरूम बघतो. लोक हसतात, हसू देत. गॅसचा गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत असावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून गिझर आत चालेल, असं कुणी म्हटलं तर ऐकू नये. पंख्याला बाहेर टाकायला आधी हवा आत यावी लागते, आणि आपण दाराखालची फटसुद्धा बुजवतो. बाथरूमची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी मिळते. आमच्याकडे आता तशीच आहे. वरवंटा अर्थात जागेवर आहे.

नळाबद्दल एकच सांगायचं. पाणी थोडाच वेळ येतं म्हणून थेट नळाला मोटर लावायची खोड आपल्या सगळ्या पेठांत आहे. मोटर ओढते तेव्हा जमिनीतल्या जुन्या पाइपचे सांधे बाहेरचं ओढून घेतात, आणि शेजारून गटार जात असतं. वजूचं पाणी म्हणून काय घेतो आहोत याचा विचार करावा. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइनने शहरात आलं, फार चांगलं झालं; पण गल्लीतला सांधा गळका असेल तर धरण काय करणार?

पाण्याची खरी परीक्षा 2019 च्या ऑगस्टात झाली. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. उपसा केंद्रं बुडाली, आणि पुराने वेढलेल्या शहरात नळ कोरडे पडले. आपाचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ. तिच्या घरात पूर उंबऱ्यावरून आलाच नाही आधी. संडासाच्या भांड्यातून आला. ड्रेनेज भरलं की ते उलटं फिरतं. त्या पाइपवर एकाच बाजूने उघडणारा व्हॉल्व्ह बसवता येतो. निदान वाळूची पिशवी कापडात गुंडाळून भांड्यात दाबावी. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा तिने पिशव्या आधीच भरून ठेवल्या होत्या.

2019 ची बकरी ईद, 12 ऑगस्टची, आपाने आमच्याकडेच काढली. नंतर आम्ही सगळे चिखल काढायला गेलो. जमिनीतली टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुतली. मोटर आणि गिझर वायरमनने तपासल्याशिवाय कुणी बटणाला हात लावायचा नाही, असं ठरलं. भिंती छातीपर्यंत ओल्या. रंगारी लगेच रंग द्यायला तयार होता. आम्ही नको म्हटलं. ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट चढवला की ओल आत कोंडते आणि वर्षभरात लोणा फुटून पापुद्रे पडतात. वीट वाळायला महिने लागतात, ते द्यावेत.

पण घाण वास आणि वरून पाऊस. त्यामुळे गल्लीत सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. आपाच्या एका शेजारणीने भल्या मनाने कोळशाची पेटती शेगडी आणून दिली. मधल्या खोलीत ठेव, दार लावून घे, रात्रीत भिंती सुकतील, म्हणाली. आपाने ती आत ठेवलीही.

भाची मागच्या अंगणात गाळ उपसत होती. लग्न होऊन पुण्याला गेलेली, पूर ओसरल्यावर आईच्या मदतीला आलेली. ती आत आली, शेगडी बघितली आणि पदराने कान धरून तशीच उचलून रस्त्यावर घेऊन गेली. परत येऊन चारही खिडक्या उघडल्या. शेजारीण बिचारी गोंधळली, रागावली असावी. मग भाचीने तिला पायरीवर बसवलं, त्या ईदची गोष्ट सांगितली आणि त्याच शेगडीवर, गल्लीत सगळ्यांसाठी चहा ठेवला.