गप्प टेस्टरवर भरवसा नको

वायरमनच्या खिशात पूर्वी एकच वस्तू हमखास असायची, स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर. टोक तारेला टेकवायचं, मागच्या टोपीवर बोट ठेवायचं आणि आतला निऑनचा दिवा लागतो का ते पाहायचं. तो दिवा लागतो तेव्हा अगदी थोडा प्रवाह आपल्याच अंगातून जमिनीकडे जात असतो. आत मोठा रेझिस्टर असतो म्हणून तो जाणवत नाही. पण पावसाळ्यात टेस्टर भिजला किंवा त्याचं प्लॅस्टिक तडकलं, की हाताला धास्ती वाटायची.

आता तारेला न टेकवता वीज ओळखणारा पेन आला आहे. टोक तारेजवळ नेलं की दिवा लागतो आणि पीं-पीं आवाज येतो. माझ्या हाताखाली काम शिकणाऱ्या भाच्याने पहिल्या कमाईतून तो घेतला. त्याला वाटलं, मामूचा बल्ब-होल्डरचा टेस्ट लॅम्प आता अडगळीत जाणार. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, हे आपल्या घराघरांतही माहीत असलेलं बरं.

आधी पेनाचा गुण सांगतो. तार सोलावी लागत नाही, उघड्या भागाजवळ हात न्यावा लागत नाही. एका पेटीत दहा तारा असल्या तरी फेज कोणती, ते क्षणात कळतं. जुन्या घरांत कधी कधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. बटण बंद केलं तरी पंख्याच्या तारेत वीज असतेच. पेन ते लगेच सांगतो. मेन स्विच पाडल्यावरही घरातला इन्व्हर्टर काही तारांत वीज सोडत असतो, तीही पेनाने अनेकदा पकडून दिली आहे. म्हणून मी भाच्याला पेन ठेव असंच सांगितलं.

पण पेन वीज मोजत नाही. आपल्या घरातली 230 व्होल्टची वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते. तिच्यामुळे तारेभोवती बदलतं विद्युतक्षेत्र तयार होतं. ते पेनाच्या टोकाला जाणवतं आणि आपलं शरीर त्याला जमिनीशी जोडून देतं. म्हणजे पेन त्या क्षेत्राचा फक्त अंदाज घेतो. ते क्षेत्र कुठे अडलं किंवा मुळात बदलतंच नसलं, तर पेन गप्प बसतो.

गेल्या पावसाळ्याआधी मशिदीच्या वजूखान्याची मोटर दुरुस्त करायला गेलो होतो. तार लोखंडी पाइपातून आलेली, फरशी ओली. भाच्याने बोर्डावरचा ‘मोटर’ लिहिलेला एमसीबी पाडला, पेन पाइपाला लावून पाहिला. आवाज नाही. “मामू, लाइन बंद आहे,” म्हणत त्याने पक्कड काढली. मी म्हटलं, “थांब बेटा.” पेटीचं झाकण काढून टेस्ट लॅम्प फेज आणि न्यूट्रलला लावला, तर बल्ब लख्ख पेटला. चिठ्ठी जुनी होती. मोटरची लाइन कधीतरी दुसऱ्या एमसीबीवर नेलेली. आणि अर्थिंग केलेल्या लोखंडी पाइपातून तारेचं क्षेत्र बाहेर येतच नव्हतं. पेन बिघडला नव्हता, त्याला काही दिसलंच नव्हतं. भाचा बराच वेळ त्या बल्बकडे बघत राहिला. आपाने तिचा एकुलता एक मुलगा माझ्या हवाली केला आहे. ती अमानत आहे. त्या दिवशी घरी जाताना माझ्याही तोंडून शब्द निघत नव्हता.

पेन गप्प राहण्याची कारणं आणखीही आहेत. सेल उतरलेले असतात. कारागीर कोरड्या लाकडी शिडीवर, जाड रबरी हातमोजे घालून उभा असतो, तेव्हा त्याचा जमिनीशी संबंध क्षीण होतो. छतावरच्या सोलर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत डीसी वीज येते. 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि असे पॅनेल आता लहान गावांतही दिसू लागले आहेत. भर उन्हात त्या तारांत जीव घेण्याइतका दाब असू शकतो, तरी पेन चूप. आणि न्यूट्रल? चालू लाइनच्या न्यूट्रलमधून प्रवाह वाहत असतो, पण तिचा दाब जमिनीच्या जवळपास असल्याने पेन वाजत नाही. तीच तार मध्येच सोडवली, की उपकरणातून आलेली वीज तिच्या सुट्या टोकावर उभी राहते.

उलटही घडतं. बंद तार चालू तारेला लागून लांबवर गेलेली असेल, तर तिच्यातही थोडा दाब उतरतो आणि पेन उगाच वाजतो. पण वाजला म्हणून सावध राहिलं, तर फार तर दहा मिनिटं जातात. गप्प राहिला म्हणून हात घातला, तर माणूस जातो. म्हणून माझा हिशोब सरळ आहे. पेन वाजला तर माना, गप्प राहिला तर मानू नका.

भाच्याला आता एकच शिस्त लावली आहे. आधी चालू असलेल्या सॉकेटवर टेस्टर पाहायचा. मग ज्या तारेला हात घालायचा, ती तपासायची. मग पुन्हा त्याच चालू सॉकेटवर टेस्टर चालतो की नाही ते पाहायचं. तार उघडण्याआधी शेवटचा शब्द टेस्ट लॅम्पचा किंवा मल्टिमीटरचा. जुना किटकॅट फ्यूज असेल तर तो काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कोणी बसवणार नाही.

घरात असा पेन असेल तर जरूर वापरा. फ्रिजच्या किंवा कूलरच्या पत्र्याला लावल्यावर तो वाजला, तर अर्थिंग नाही किंवा वीज गळते आहे असं समजा आणि ते उपकरण वापरणं थांबवून तपासून घ्या. पण पेन वाजला नाही म्हणून मुलांना ओल्या हाताने हात लावू देऊ नका. मुलांचा जीव वाचवायला बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, आणि त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून पाहायला हवं.

आणि वायरमन पेन फिरवून झाल्यावरही पेटी खोलून टेस्ट लॅम्प जोडत बसला, तर तो वेळ काढतो आहे असं म्हणू नका. त्याला एक कप चहा द्या. त्याच्याही घरी कोणीतरी वाट पाहत असतं.